भिन्नरुची आणि सहजीवन : चित्रपट-नाट्याच्या समान आवडीचे दांपत्यजीवनातील स्थान

१. प्रश्नाची मांडणी

विवाहेच्छू तरुण-तरुणींच्या परिचयपत्रांत कुल, गोत्र, शिक्षण आणि वेतन यांच्या जोडीला अलीकडे ‘छंद व आवडीनिवडी’ असा एक स्वतंत्र रकाना आढळतो. त्यात वाचन आणि प्रवास यांच्या बरोबरीने चित्रपटांचा उल्लेख बहुधा असतोच. जे विवाह वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीवाचून, परस्परांच्या अनुरागातून जुळतात, त्यांतही प्रारंभीच्या संभाषणाचा मोठा भाग कोणास कोणता चित्रपट आवडला या विषयाने व्यापलेला असतो. या व्यवहारामागे एक गृहीतक दडलेले आहे. ज्यांची अभिरुची सारखी, त्यांचे सहजीवन सुखाचे, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी करावयाची आहे.

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचे परिणाम किरकोळ नाहीत. या गृहीतकावर विसंबून एखादे अनुरूप स्थळ किंवा एखादा चांगला स्नेहसंबंध सोडून दिला जातो, ही एक हानी. दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. विवाहानंतर दोघांपैकी एकाची, आणि आपल्या समाजात बहुधा पत्नीची, आवड हळूहळू लोपते आणि त्या लोपालाच ‘आमच्या आवडी जुळल्या’ असे नाव मिळते. तेव्हा ‘समान अभिरुची’ या शब्दप्रयोगाने नेमके काय सांगितले जाते, हे स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे.

विवेचनासाठी तीन दिशांनी साहाय्य घेतले आहे : संस्कृत साहित्यातील रुचिविचार, गेल्या साठ-सत्तर वर्षांतील मानसशास्त्रीय संशोधन, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील, लोकजीवन. तिसरी दिशा निवडण्याचे कारण असे की, दशावताराची सामुदायिक प्रेक्षकपरंपरा आणि पती मुंबईस व पत्नी गावी अशी दीर्घकालीन कुटुंबरचना या दोन गोष्टी तेथे एकत्र आढळतात. त्यामुळे ‘एकत्र पाहणे’ आणि ‘एकत्र असणे’ यांचा संबंध तपासण्यास ही भूमी विशेष अनुकूल आहे.

२. कालिदासाची तीन विधाने

लोकांच्या आवडी भिन्न असतात, या अर्थाचे वचन आपल्याकडे सुभाषितासारखे वापरले जाते. परंतु त्याचा मूळ संदर्भ सहसा ध्यानात घेतला जात नाही. हे वचन रघुवंशाच्या सहाव्या सर्गातील, म्हणजे इंदुमतीच्या स्वयंवरातील आहे. सुनंदा तिला अंगदेशाच्या राजाजवळ नेते आणि त्याचे गुण वर्णन करते. इंदुमती पुढे चालू लागते. यावर कवी म्हणतो की, तो राजा स्पृहणीय नव्हता असे नाही, आणि तिला पारख नव्हती असेही नाही. रुची भिन्न, एवढेच. येथे रुची हा वरणाचा, म्हणजे जोडीदाराच्या निवडीचा निकष आहे, आणि त्याचे समर्थन देण्याची कवीला आवश्यकता वाटत नाही.

दुसरे विधान मालविकाग्निमित्राच्या पहिल्या अंकात नाट्याचार्य गणदासाच्या मुखी येते. ज्यांच्या रुची भिन्न आहेत अशा जनांचे अनेक प्रकारे आराधन करणारे एकच साधन म्हणजे नाट्य, असा त्याचा आशय आहे. नाट्यास समान रुचीच्या प्रेक्षकांची पूर्वअट नाही. उलट भिन्न रुचीच्या माणसांना एका ठिकाणी बसविण्याची शक्ती त्यात आहे, असे येथे मानले आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, एकाच चित्रपटात पतीला युद्धप्रसंग आवडावा, पत्नीला संवाद आवडावेत, आणि तरीही दोघांची संध्याकाळ एकत्र सुखात जावी, यात विसंगती नाही.

तिसरे विधान पुन्हा रघुवंशातील, आठव्या सर्गातील आहे. इंदुमतीच्या आकस्मिक मृत्यूनंतर शोक करणारा अज तिला गृहिणी, सचिव, एकांतातील सखी आणि ललितकलांतील प्रिय शिष्या म्हणून आठवतो. ज्या इंदुमतीने स्वतःच्या रुचीने अजाला निवडले, ती सहजीवनात त्याची कलांतील शिष्या झाली. या दोन सर्गांमध्ये रुचीची कल्पना बदलली आहे. सहाव्या सर्गात रुची विवाहाच्या आधीची आणि स्वयंसिद्ध आहे; आठव्या सर्गात ती विवाहानंतर, एकमेकांच्या सान्निध्यात घडणारी आहे. आपल्या प्रश्नातील मुख्य गुंता हाच आहे. शिवाय ‘शिष्या’ या शब्दाने एक विषमता सूचित होते, तीही नजरेआड करता येत नाही. अज कोणत्या कलेत इंदुमतीचा शिष्य होता, हे अज सांगत नाही.

३. रुची दिलेली की घडविलेली?

ध्वन्यालोकावरील लोचन टीकेत अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ या संज्ञेची जी व्याख्या केली, ती या संदर्भात उपयुक्त ठरते. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून वर्ण्यविषयाशी तन्मय होण्याची पात्रता ज्यांना आली आहे, ते सहृदय, असे तो म्हणतो. येथे दोन मुद्दे आहेत. एक, रसिकता ही अभ्यासाने येते. ती जन्मजात नाही. दोन, रसिकांमधील साम्य हे आवडत्या कृतींच्या यादीतील साम्य नसून ग्रहणशक्तीतील साम्य आहे. दोन सहृदयांच्या आवडत्या नाटकांची यादी सर्वस्वी वेगळी असू शकेल. तथापि एकाला काय भावले हे दुसरा समजू शकेल.

मराठी समाजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहचरी-विवाहाची जी कल्पना रुजू लागली, तिने अभिरुची घडविण्याचा हाच मार्ग अवलंबिला. १८७३ साली रमाबाईंचा न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि रानडे एकतीस वर्षांचे होते. त्या वेळी त्यांच्यात समान वाचनाची आवड असण्याचा प्रश्नच नव्हता. घरातील वडील स्त्रियांचा विरोध असतानाही रानड्यांनी पत्नीला शिकविले आणि पुढे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हा ग्रंथ लिहिण्याइतका अधिकार रमाबाईंनी मिळविला. काशीबाई कानिटकर यांनीही पती गोविंदराव यांच्या इच्छेने अक्षरओळखीपासून आरंभ केला आणि अखेरीस त्या स्वतंत्र ग्रंथकर्त्या झाल्या.

या उदाहरणांचे मोल निर्विवाद आहे. तरी त्यांतील दिशा एकच आहे, हेही नमूद केले पाहिजे. रुची पतीकडून पत्नीकडे जाते. स्त्रियांचे ओव्या, फुगड्या, व्रतकथा यांचे जे स्वतःचे रसविश्व होते, त्यात सुधारक पतीने प्रवेश करावा, अशी अपेक्षा त्या काळी कोणी केली नाही. १९३७ साली ‘प्रभात’ने पडद्यावर आणलेल्या ‘कुंकू’ या चित्रपटात विषम विवाहाविरुद्ध उभी राहणारी नीरा दिसते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेल्या त्या कथेत मुख्य प्रश्न वयाचा आणि संमतीचा आहे. मने जुळण्यापूर्वी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा लागतो, हे त्या चित्रपटाने दाखविले. आणि रुचीच्या साम्याची चर्चा करताना हा अधिकार प्रथम गृहीत धरावा लागतो.

४. मानसशास्त्राची साक्ष

साम्य आणि आकर्षण यांच्या संबंधाचा प्रायोगिक अभ्यास अमेरिकेत डॉन बर्न यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनापासून विशेष जोमाने सुरू झाला. विद्यार्थ्यांकडून अनेक विषयांवरील मते भरून घ्यावयाची, आणि नंतर एका अपरिचित व्यक्तीची म्हणून संशोधकाने स्वतःच तयार केलेली उत्तरपत्रिका त्यांना दाखवावयाची, अशी ही पद्धत होती. विषयांत धर्मश्रद्धेसारख्या गंभीर प्रश्नांबरोबर चित्रपटांसारख्या हलक्या आवडीही होत्या. ज्या अपरिचिताची मते आपल्याशी जुळतात, तो अधिक आवडतो, असा निष्कर्ष निघाला. परिचयपत्रातील रकान्याला जर काही शास्त्रीय आधार असेल, तर तो येथे आहे.

परंतु हा निष्कर्ष अपरिचितांविषयीचा आहे. माँटोया, हॉर्टन आणि किर्शनर यांनी २००८ साली अशा ३१३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अल्पपरिचयाच्या प्रसंगी प्रत्यक्ष साम्याचा प्रभाव पडतो. मात्र दीर्घकाळ चाललेल्या संबंधांत प्रत्यक्ष साम्याचा आकर्षणाशी लक्षणीय संबंध आढळत नाही, आणि ‘आम्ही सारखे आहोत’ या समजुतीचा संबंध मात्र टिकून राहतो, असे त्यांना दिसून आले. म्हणजे प्रत्यक्ष साम्य आणि जाणवणारे साम्य या दोन भिन्न राशी आहेत. त्यांतील कार्यकारणभाव कोणत्या दिशेचा, हेही सहज सांगता येत नाही. सुखी दांपत्य स्वतःला सारखे समजत असेल, हेही शक्य आहे.

२००२ साली क्रॉफर्ड, हाउट्स, ह्यूस्टन आणि जॉर्ज यांनी विवाहित जोडप्यांच्या फावल्या वेळाच्या दीर्घकालीन निरीक्षणावरून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. आवडींतील जुळणी आणि वैवाहिक समाधान यांचा संबंध समजला जातो तितका दृढ नाही. पण पतीला आवडणारे व पत्नीला न आवडणारे उद्योग जेथे वारंवार चालतात, मग ते पती एकटा करो वा पत्नीला बरोबर घेऊन करो, तेथे पत्नीचे असमाधान आढळते. ते असमाधान या उद्योगांचा परिणामही असते आणि कारणही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, शेजारी बसून एकच चित्रपट पाहणे हे स्वतः सुखाचे गमक नव्हे. तो कोणाच्या आवडीचा होता, हे विचारावे लागते.

चौथा पुरावा थेट चित्रपटांशी निगडित आहे. रोग्गी, ब्रॅडबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली १७४ नवविवाहित जोडप्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जोडप्यांना मतभेद हाताळण्याचे रीतसर शिक्षण दिले; एका गटाला मात्र वैवाहिक जीवनावरील चित्रपट सुमारे महिनाभर पाहून, ठरावीक प्रश्नांच्या आधारे आपसांत चर्चा करण्यास सांगितले. तीन वर्षांनंतर ज्यांना कोणतेही साहाय्य दिले नव्हते त्यांच्यात विभक्त होण्याचे प्रमाण २४ टक्के, तर चित्रपटचर्चेच्या गटात, शिक्षण घेतलेल्या गटांप्रमाणेच, ११ टक्के होते. एका प्रयोगावरून सार्वत्रिक नियम काढणे योग्य नव्हे, आणि ही जोडपी अमेरिकन होती याचेही भान ठेवावे. तरी लक्षणीय बाब ही की, येथे कोणाला कोणता चित्रपट आवडतो याला महत्त्व नव्हते. पडद्यावरील दांपत्याच्या निमित्ताने स्वतःच्या संसाराविषयी बोलण्याचा प्रसंग निर्माण झाला, हे महत्त्वाचे होते.

५. मालवण किनाऱ्यावरील परिस्थिती

आता आपल्या भूमीकडे वळू. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गात चित्रपटगृहे पूर्वीपासून मोजकीच. येथील प्रेक्षकाची रुची घडविली ती प्रामुख्याने दशावताराने. ग्रामदैवताच्या जत्रेत, पालखीची प्रदक्षिणा झाल्यानंतर मध्यरात्रीच्या सुमारास खेळ सुरू व्हावयाचा आणि पहाटे दहीकाल्याने संपावयाचा. म्हणूनच मालवणी बोलीत त्यास ‘धयकालो’ असेही म्हणतात. आरंभी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग, मग पुराणातील आख्यान. लिखित संहिता नाही. कथानक ठरले की नट उत्स्फूर्त संवाद रचतात. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले आहेत.

या प्रेक्षकवर्गाची रचना पाहिली, तर ‘समान आवड’ या कल्पनेची आधुनिकता स्पष्ट होते. जत्रेचा खेळ कोणी निवडून पाहत नाही. तो देवाच्या उत्सवाचा भाग आहे. त्या देवळात कोणत्या मंडळाने खेळ करावयाचा हेही बहुधा परंपरेने ठरलेले असते. पती-पत्नी दोघेही तेथे जातात, पण जोडीने बसतातच असे नाही. स्त्रिया, पुरुष, मुले आपापल्या घोळक्यांत बसतात. त्यामुळे येथे आवड दांपत्याची नसून गावाची असते. ती विवाह जुळविण्याचा निकष होऊ शकत नव्हती, कारण त्या पंचक्रोशीतील सर्वांची ती सारखीच होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी १९७९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, अभिरुची माणसांना एकत्र आणते तशीच वेगळी पाडते, आणि ती वर्गाची खूण म्हणून काम करते, असे प्रतिपादन केले. गणदासाचे मत आणि हे मत परस्परांच्या विरुद्ध टोकांस आहेत. जत्रेतील दशावतार गणदासाच्या बाजूने साक्ष देतो. परिचयपत्रातील रकाना बोर्दिएंच्या बाजूने. ‘जागतिक चित्रपटांची आवड’ असे लिहिणारा तरुण चित्रपटांइतकेच आपल्या शिक्षणाविषयी आणि सामाजिक स्थानाविषयीही सांगत असतो.

दुसरी बाब चाकरमान्यांची. उपजीविकेसाठी पुरुषाने मुंबईस जावे आणि पत्नीने गावी घर, शेती व वडीलधारी सांभाळावीत, ही रीत या जिल्ह्यात अनेक पिढ्या चालली. २०११च्या जनगणनेतही रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया होत्या, त्यामागे या स्थलांतराचा वाटा मोठा आहे. अशा संसारात पतीची रुची गिरणगावातील नाटके आणि मुंबईची चित्रपटगृहे यांत घडे, पत्नीची जत्रेत आणि भजनात. गणपतीत किंवा शिमग्यात काही दिवस भेट. आवडींचे साम्य ही जर सहजीवनाची अट असती, तर या हजारो संसारांचा पायाच उरला नसता. ते टिकले ते पत्र, मनीऑर्डर, मुलांची काळजी आणि परस्परांवरील भिस्त यांच्या आधारे. अर्थात टिकणे म्हणजे सुखी असणे नव्हे. त्या टिकण्यात स्त्रीला दुसरा मार्ग उपलब्ध नसणे हेही एक कारण होते, आणि म्हणून या उदाहरणावरून ‘आवडीनिवडी निरर्थक आहेत’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

१९८०पासून ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर प्रतिष्ठित केली. गंगाराम गवाणकरांचे हे नाटक आणि मच्छिंद्र कांबळी यांचा त्यातील अभिनय यांमुळे गावच्या नाटकमंडळींची फजिती मुंबईच्या नाट्यगृहात हास्याचा विषय झाली. गावी धयकालो पाहिलेल्याला आणि शहरी नाटक पाहणाऱ्याला एकाच वेळी हसता यावे, अशी ही कृती होती. २०२५ साली प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी वृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली, तीतही गाव आणि पडदा एकत्र आले. अशा कृतींमुळे भिन्न ठिकाणी घडलेल्या दोन रुचींना एक सामाईक विषय मिळतो. उलट दिशेने, भ्रमणध्वनीच्या पडद्याने एकाच खोलीत बसलेल्या दोघांना दोन वेगळे चित्रपट पाहण्याची सोय करून दिली आहे. पूर्वीचा चाकरमानी अंतरामुळे वेगळा पाहत असे. आता अंतर नसतानाही वेगळे पाहता येते.

६. समान रुचीची मर्यादा : एक प्रसिद्ध उदाहरण

समान रुची पराकोटीची असली, तर ती पुरेशी होते काय? या प्रश्नासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे उदाहरण घेता येईल. सुनीताबाई मूळच्या ठाकूर, रत्नागिरीच्या. मालवण तालुक्यातील धामापूरशीही त्यांचे जवळचे नाते होते. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीस त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १९४८ सालच्या ‘वंदे मातरम्’ या चित्रपटात दोघांनी एकत्र काम केले. पुढे बोरकर, मर्ढेकर आणि आरती प्रभू यांच्या कवितांचे जाहीर वाचन त्यांनी जोडीने केले. यांतील आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, सिंधुदुर्गाच्याच मातीतले. काव्य, नाट्य, संगीत यांत इतकी जवळची रुची असलेले दांपत्य मराठीत विरळाच.

तरीही १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आहे मनोहर तरी’ या आत्मपर लेखनात सुनीताबाईंनी सहजीवनातील उणिवांची परखड नोंद केली. ती नोंद वाचताना ध्यानात येते की, त्यांचे दुखणे रुचिभेदाचे नव्हते. घराची व व्यवहाराची जबाबदारी कोणी उचलावयाची, एकाच्या कलेसाठी दुसऱ्याने किती मागे राहावयाचे, आणि त्या मागे राहण्याची दखल घेतली जाते की नाही, हे त्यांचे प्रश्न होते. या प्रश्नांना काव्याची समान आवड उत्तर देऊ शकली नाही. परंतु त्याच आवडीने त्या दोघांना आयुष्यभर एकत्र करण्याजोगे एक कार्य दिले, हेही तितकेच खरे. समान रुचीचे क्षेत्र आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणात दिसतात.

७. निष्कर्ष आणि पुढील अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून चार गोष्टी मांडता येतील. पहिली, चित्रपटांची समान आवड परिचयाच्या प्रारंभी आकर्षणास साहाय्य करते. दीर्घ सहजीवनात तिचे महत्त्व घटते. दुसरी, आवडींच्या यादीतील साम्यापेक्षा दुसऱ्याची आवड समजून घेण्याची पात्रता, म्हणजे अभिनवगुप्ताच्या अर्थाची सहृदयता, अधिक मूलगामी आहे, आणि ती अभ्यासाने येते. तिसरी, पाहिलेल्या कृतीविषयी होणारा संवाद हा तिच्या निवडीहून मोलाचा आहे. न आवडलेल्या चित्रपटावरही असा संवाद होऊ शकतो. चौथी, साम्य आढळल्यास ते कसे निर्माण झाले हे पाहणे आवश्यक आहे. दोघांनी एकमेकांच्या रुचीत प्रवेश केल्याने आलेले साम्य आणि एकाने माघार घेतल्याने आलेले साम्य प्रश्नावलीत सारखेच दिसते. संसारात ते सारखे नसते.

म्हणून केवळ चित्रपटांची आवड जुळत नाही या कारणास्तव एखादा संबंध नाकारणे समर्थनीय वाटत नाही. मात्र ज्याला दुसऱ्याची आवड हास्यास्पद वाटते आणि तसे तो बोलून दाखवितो, त्याच्या बाबतीत सावध राहणे इष्ट. कारण तेथे प्रश्न चित्रपटाचा राहिलेला नसून आदराचा झालेला असतो.

उपरोक्त संशोधन बहुतांशी परदेशातील आहे. आपल्याकडील अभ्यासासाठी सिंधुदुर्गातील चाकरमानी कुटुंबे, एकत्र राहणारी नवविवाहित जोडपी आणि हंगामभर जत्रांमागून जत्रा फिरणारे दशावतारी कलावंत व त्यांच्या पत्नी, असे तीन गट घेता येतील. माहिती गोळा करताना पती-पत्नींच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात, आणि ‘तुम्हांस काय आवडते’ या प्रश्नाबरोबर ‘विवाहापूर्वी काय आवडत असे’, ‘आता ते पाहता काय’ आणि ‘काल काय पाहावयाचे हे कोणी ठरविले’ हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत जे साम्य दिसेल, त्यातील किती खरे आणि किती माघारीचे, हे उरलेल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ताडून पाहता येईल. एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी हा विषय एका तालुक्यापुरता मर्यादित ठेवला, तरी पुरेसा आहे.